कुंकवाची लाल अक्षरं

दौंड
१८ नोव्हेंबर २०२४

मामा, पाया पडते. मामींनाही सांगा.

फोनवर आपलं काही जमत नाही. मी इकडून ‘तब्येत कशी आहे’ म्हणून ओरडते आणि तुम्ही तिकडून ‘झाली, बाजरी कवाच झाली’ म्हणता. आतून सासूबाई विचारतात, कुणाशी भांडतीयस गं? म्हणून आता पत्रच. आमचे पप्पू भावजी हसतात. म्हणतात, वहिनी, आजकाल पत्रं फक्त बँक पाठवती. हसू देत.

दिवाळीला तुम्ही दिलेलं पत्र्याचं खोकं घरी आल्या आल्या उघडलं. अगं बाई, काय काय कोंबलंय त्यात! गळ्यात अडकवायचा पट्टा तर सुकून लाकूड झालाय. क्लॅरिनेटची दोन तोंडं तडकलेली, आणि सॅक्सोफोनची चार माउथपीस, फुंकायला तोंडात धरतात ती. तुम्ही म्हणाला होता, ‘ने, चार पैशे आले तर तुझे, न्हाईतर चुलीत घाल.’ चुलीत कशाला घालतीय! एक परवाच गेलं. लिलावाच्या साईटवर टाकलं आणि सांगलीकडच्या एका शाळेच्या बँडमास्तरांनी घेतलं. माझे रेल्वेचे कंदील आणि जुने रेडिओ सहा महिने पडून आहेत, कुत्रं विचारत नाही. आणि हे बोटाएवढं काळं रबर दोन दिवसांत गेलं.

मग बाकीचे लोक काय भाव लावतात ते बघत बसले. मामा, उभे असाल तर बसून घ्या. एक जण एका माउथपीसचे चार लाख मागतोय. मागणाऱ्याचं काय जातं म्हणा, पण ज्यांनी खरंच मोजलेत त्यांचे आकडे बघूनही माझं डोकं गरगरलं. तीच वस्तू एकानं साधी म्हणून टाकली तर हजाराला जाते, दुसऱ्यानं ‘रेअर’ लिहिलं की पन्नास हजाराला. आणि सगळी भानगड त्यावर कोरलेल्या कंपनीच्या नावाच्या अक्षरांची. पांढरी अक्षरं असली तर साधं. लाल असली तर म्हणे दुर्मिळ, मोजकीच निघालेली.

आपल्या खोक्यातल्या एकावर लाल अक्षरं आहेत!

ते कुठून आलं तुमच्याकडं? आई सांगायची, तुम्ही दौंडच्या रेल्वेतल्या एका साहेबासमोर वाजवलं होतं आणि साहेब खूश झाला होता. त्यानं दिलं का? नीट आठवून लिहा.

तुमची
हर्षदा


न्हावरे
२४ नोव्हेंबर २०२४

हर्षदा बाळा, तुला आन् लेकरास्नी आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोष्टमन लांबनंच हात हालवत व्हता, मला वाटलं कोर्टाचं काय आलं का काय.

तुझी आई माझी बहीण व्हती म्हणून सांगतो, तिच्या गोष्टी ऐकायच्या आन् निम्म्या सोडून द्यायच्या. साहेबासमोर म्या वाजवलं ते एकदाच. आमची वरात रेल्वेच्या बंगल्यावरनं चालली व्हती. साहेब खिडकीत आला, आन् त्यानं खिडकी लावून घेतली. एवढाच त्यो साहेब.

ते लाल अक्षराचं म्या पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलं. स्टोच्या बर्नरसंगं ढिगात पडलं व्हतं. अक्षरं पार उडाली व्हती, नुसत्या खाचा राहिल्या व्हत्या. आता खंडेनवमीला आपण बँडवाले सगळी वाद्यं मांडतो, तुला ठावच हाय. तुझी मामी कुकू तेलात कालवून एकेका वाद्याला बोट लावायची. ह्याच्या खाचंत ते कुकू जाऊन बसलं. दरसाल एक थर. तवा त्यो रंग कारखान्याचा न्हाई, तुझ्या मामीचा हाय. तिला चार लाखाचं सांगितलं तर म्हणती, मग माझ्या बोटाचं किती येत्याल ते बी बघायला सांगा भाचीला.

बँड बंद पडून सात-आठ वरसं झाली. डीजे आला आन् आमची सुपारी गेली, आन् त्याच डीजेच्या गाडीम्होरं उभं राहून राहून माझं कान बी गेलं. आता एकटा म्हाळू येतो. तू त्याला बघितलं नसशील. कोरेगाव भीम्याचा पोरगा, कंपनीत ठेक्यावर हाय, आयतवारी सुट्टी. त्याची आई भामाबाई आपल्याच नात्यातली. त्यो वाजवतो आन् मी सॅक्सोफोनच्या भोंग्यावर तळहात ठेवून बसतो. सूर घसरला की हाताला कळतं. मग पाठीत गुद्दा. तो हसतो, पुन्हा धरतो. मला आता तेवढंच ऐकू येतं बघ, हातानं. आयतवारी सकाळधरनं माझं लक्ष रस्त्याकडं असतं, मामी चिडवती, जावई येणार हाय का म्हणून.

तुझा
मल्हारी मामा


दौंड
९ डिसेंबर २०२४

मामा, पाया पडते.

बरं झालं सगळं लिहिलंत. नाहीतर मी येडी काहीतरी खोटंच लिहून बसले असते साईटवर. मामींना सांगा, बोटाचा भाव काढतीय.

बाकीची दोन माउथपीस गेली. त्या पैशातून मामींना एक साडी पाठवलीय, रंग आवडला नाही तर सांगा, बदलून घेईन. लाल अक्षरांचं अजून पडून आहे. त्याला कोण घेणार, तुम्हीच सांगितलंत ना.

इकडं सगळे बरे. तुमच्या जावयांना, सार्थकना, कुरकुंभला रात्रपाळी लागलीय, त्यामुळं घरात दिवसा कुजबुजत बोलायचं. सासूबाईंना माझं हे ऑनलाइन काही आवडत नाही. भंगारवाल्याची सून म्हणतील लोक, असं परवा जेवताना म्हणाल्या. सगळ्यांसमोर. मामा, एकदा तरी ह्या सगळ्यांसमोर असा आकडा ठेवायचाय की ताटातला घास तसाच हातात राहिला पाहिजे.

एक विचारायचं होतं, अगदी सहज. त्या खिडकीवाल्या साहेबाचं नाव काय होतं हो?

हर्षदा


न्हावरे
३ जानेवारी २०२५

हर्षदा बाळा, आशीर्वाद.

साडी मामीला लय आवडली. नेसून गल्लीत दोनदा जाऊन आली, कामाबिगर.

साहेबाचं नाव मला ठाव न्हाई. पण आता गंमत ऐक. आज म्हाळू आला, आयतवार नसताना आला. कंपनीला दांडी मारून. त्याच्या मोबाइलवर एक माउथपीस आलंय लिलावाला, लाल अक्षराचं. आन् खाली काय लिवलंय? दौंडच्या रेल्वेतल्या साहेबाचं, तो इंग्रजांच्या टायमापासनं नाचाला वाजवायचा, त्याच्या नातवानं काढलंय म्हणून. घे! म्हंजी व्हता की कुणीतरी खराच साहेब. माझी बहीण बिचारी खरं सांगत व्हती आन् मी जन्मभर तिला फेकाफेकी करती म्हणलो. आज तिचं लय वाईट वाटलं.

म्हाळूनं फोटो दावला. फोटोत सगळं काळं काळं, पण अक्षरं लालभडक. मी त्याला म्हणलं, आपल्याकडं बी एक असलं व्हतं, पर ते कुकवाचं. हे खरं दिसतंय. इंग्रजीत लिवलंय एवढं.

पुण्याचा एक लग्नाचा ऑर्केस्ट्रा हाय, मोठ्या हॉटेलात वाजवणारा. त्यास्नी सॅक्सोफोनवाला पायजे. म्हाळूला फेब्रुवारीत बोलावलंय वाजवून दावायला. ठेक्याच्या कामातनं सुटंल पोरगं. तिथं सगळी शिकलेली पोरं येणार, भारी भारी सामान घेऊन, आन् म्हाळूचं माउथपीस फुटक्या रबराचं, मेण लावून चालवतो. त्यामुळं त्याच्या डोक्यात हे लालच बसलंय. बोली अकरा हजारावर हाय आन् अजून आठ-नऊ दिवस चालणार. कुणीतरी दुसरा बी हाय, ह्यानं वाढवलं की त्यो वाढवतो.

पैशे न्हाईत. भामाबाईनं कळप मोडला तवा पाच मेंढ्या ठेवल्या व्हत्या. सासऱ्याच्या हातच्या मेंढरांचं वाण हाय त्ये, ती इकायला तयार न्हाई. मी सांगितलं तर ती ऐकंल. पण मी न बघता कसा सांगू?

आन् इकणारा दौंडातलाच हाय. तू दौंडात ऱ्हातीस, तुला त्यातलं कळतं. एकदा जाऊन ते हातात घेऊन बघ गं. बरं नसलं तर चार वळी लगोलग टाक. तू सांगशील तसं मी भामाबाईला सांगीन.

तुझा
मल्हारी मामा


दौंड
१७ जानेवारी २०२५

मामा, पाया पडते.

उत्तराला उशीर झाला. धाकट्याला ताप होता. पत्रही उशिरा मिळालं.

साईटवरच्या पत्त्यावर गेले होते, दुकान बंद होतं. शेजारी विचारलं, कुणाला काही माहिती नाही. आता तर लिलाव संपलाही असेल. म्हाळूनं घेतलं असेल तर विचार करूनच घेतलं असेल, जाणता मुलगा आहे.

इकडं थंडी फार आहे. मामींना गुडघ्याला तेल लावायला सांगा. जास्त लिहीत नाही, हात गारठलेत.

हर्षदा


न्हावरे
२ फेब्रुवारी २०२५

हर्षदा,

म्हाळूची वस्तू आली. अठ्ठावन्न हजाराला.

तुझं पत्र आलं न्हाई तवा भामाबाईनं मला इचारलं, मामा, भाचीचं काय आलं का? मी म्हणलो, आलं न्हाई म्हंजी वस्तू चांगली हाय. काय वाईट असतं तर माझी पोरगी धावत आली असती. असं म्हणलो मी. त्या बाईनं माझ्या शब्दावर पाची मेंढरं शिरूरच्या बाजारात घातली. जत्रंच्या टायमाला गिऱ्हाईक चांगलं भेटतं म्हणून खाटकालाच दिली.

आज आयतवार. म्हाळू आला, नवी कोरी पेटी, त्यात कापसात ठेवलेलं. मामा, आधी तुम्ही तोंडाला लावा म्हणला. मी लावलं.

पोरी, माझ्या म्होरच्या दाताचा टवका उडालेला तू बघितलायस. वीस वरसं त्यो दात एकाच जागी बसला, तिथं रबराला खाच पडली. माझा दात जाऊन सरळ त्या खाचंत बसला. आपलं जोडं अंधारात बी पायाला कळत्यात, तसं. मी अंगठा ओला करून अक्षरावरनं फिरवला. अंगठा लाल झाला. म्हाळू सॅक्सोफोन जोडत व्हता, त्याचं ध्यान नव्हतं. मी अंगठा धोतराला पुसला.

त्यानं वाजवलं. मी भोंग्यावर हात ठेवला. पण माझ्या हाताला काय बी ऐकू येत नव्हतं त्या वक्ताला. वाजवून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं, भुवया वर करून, कसंय मामा? मी मान हालवली. बेस हाय म्हणलो. लाख मोलाचं हाय म्हणलो. त्याला एवढा आनंद झाला की त्यानं मामीच्या पाया पडून घेतलं.

म्या आजवर त्याला चुकला तर गुद्दा घातला, कवा खोटी शाबासकी दिली न्हाई. आज दिली. माझ्याच्यानं दुसरं काय हुईना. मला तुझा लय राग आला हाय. लिवताना बी येतोय. तू मागितलं असतंस तर मी तुला रान इकून दिलं असतं, हे तुला ठाव नव्हतं का?

दुकान बंद व्हतं म्हणं.

मल्हारी


दौंड
९ फेब्रुवारी २०२५

मामा,

पाया पडते लिहायची लाज वाटतीय.

सगळं खरं आहे. तुम्ही लिहिलेलं आणि न लिहिलेलंही. तुमचं कुंकवाचं पत्र हातात होतं, ते वाचून झाल्यावर मी साईटवर साहेब लिहिला. नातू लिहिला. आईची गोष्ट वापरली. फोटो काढताना अक्षरं उजळ दिसावीत म्हणून कापसानं तेल लावलं. मनात म्हटलं, घेणारा कुणीतरी लांबचा पैसेवाला असेल, कपाटात ठेवेल, त्याला काय फरक पडतोय. तसे शेकडो लोक करतात, पप्पू भावजीही तेच म्हणाले.

तो दुसरा, म्हाळूनं वाढवलं की वाढवणारा, तो म्हणजे पप्पू भावजी. मित्राच्या नावानं खातं काढलं होतं आम्ही.

आता पुढचं लिहिते, ते तुम्हाला माहीत नाही. तुमचं पत्र उशिरा मिळालं नव्हतं. मिळालं तेव्हा बोली एकवीस हजारांवर होती. पत्र वाचलं. समोरचा म्हाळू आहे हे कळलं, मेंढ्यांचं कळलं. त्या वेळी मी पप्पू भावजींना नुसतं ‘बास’ म्हटलं असतं तरी झालं असतं. ते समोरच मोबाइल घेऊन बसले होते. म्हणाले, वहिनी, अजून ताणू का? मी नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही, एवढंच स्वतःला सांगत राहिले. भाजी निवडत बसले. ते ताणत गेले.

लिलाव संपल्यावर पत्ता आला. म्हाळूचं नाव, कोरेगाव भीमा. तेव्हाही रद्द करता येत होतं. मीच कापसात गुंडाळलं, मीच चिकटपट्टी लावली. त्या रात्री जेवताना आकडा सांगितला. सासूबाईंचा घास खरंच थांबला हातात. ‘आमची सून हुशार आहे’ म्हणाल्या. त्या घटकेला मला बरं वाटलं, मामा. हे सगळ्यात वाईट आहे, पण बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून नाही.

धाकट्याला ताप नव्हता.

पैसे सगळेच्या सगळे तुमच्या खात्यावर पाठवलेत. माझी एक विनंती आहे, रागावलात तरी ऐका. ते म्हाळूला तुम्ही द्या. काहीही सांगून द्या. माझं नाव तेवढं काढू नका. इथं सासरी कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि त्या पोरासमोर उभं राहायची माझ्यात हिंमत नाही. मी भित्री आहे, मामा. लबाडी केली तेव्हा मात्र नव्हते.

हर्षदा


न्हावरे
२ मार्च २०२५

हर्षदा,

पैशे पोचले. म्हाळूला दिले.

तू म्हणलीस काय बी सांगून द्या. मला काय बी सांगायला येत न्हाई, तीन दिवस डोकं खाजवलं. शेवटी जे जवळचं व्हतं ते सांगितलं. म्हणलो, म्हाळू, ते माझंच माउथपीस व्हतं. मीच दौंडच्या माणसाकडनं लिलावाला लावलं व्हतं. तू घेणार म्हणलास आन् मला हाव सुटली. आता मनाला लागलं, म्हणून पैशे परत देतो.

त्यो कायच बोलला न्हाई. मला वाटलं मला ऐकू येत न्हाई म्हणून तसं वाटतंय, मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. ओठ हालतच नव्हते. मग त्यानं माउथपीस काढलं, ओट्यावर ठेवलं. पैशे घेतले, ते बी आईच्या मेंढरांचे व्हते म्हणून घेतले असतील. जाताना मामीच्या पाया पडला, माझ्या न्हाई.

तवाधरनं दोन आयतवार गेले, आज तिसरा. म्हाळू आला न्हाई. ऑर्केस्ट्रावाल्यांकडं बी गेला न्हाई म्हणं. त्याच्या गावचा एक जण बाजारात भेटला, त्यो सांगत व्हता की म्हाळू म्हणतो, ज्यानं शिकवलं त्यानंच लुटलं, आता त्ये वाद्य बघू वाटत न्हाई. भामाबाई मेंढरं परत घ्यायला निघाली व्हती, पण त्या वाणाची आता कुठं मिळत्यात.

मामीला खरं ठाव हाय. ती दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. म्हणली, भाचीला वाचवायला पोराला मारलं तुम्ही. मी म्हणलो, दोघास्नी कसं वाचवणार? ती माझी बहिणीची एकुलती पोरगी, तिला सासरी नांदायचं हाय. मी म्हातारा, माझं नाव घेऊन काय चाटायचंय? मामी म्हणती, नाव गेलं तर जाऊ द्या, तुमचा आयतवार गेला त्याचं काय?

आज सकाळधरनं मी ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसलोय.

तुझं नाव कुठं आलं न्हाई, तू काळजी करू नगो. आता ह्याच्यावर परत लिवू नगो. लेकरास्नी आशीर्वाद.

मल्हारी मामा


कोरेगाव भीमा
११ मार्च २०२५

मामा, पाया पडते.

तुम्ही लिहू नको म्हणालात, तरी लिहितीय. फाट्यावरच्या एका हॉटेलात बसून लिहितीय, कागद इथल्याच मालकांकडून मागून घेतला; त्यांचा मुलगा आत्ता गाडीवर न्हावऱ्याला निघालाय, त्याच्या हाती देतीय, म्हणजे आजच पोचेल. तुम्हाला ऐकू येणार असतं तर फोन केला असता, मामींना सांगायची माझी जीभ वळत नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी चारदा वाचलं. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी थाप माराल. लॉटरी, बँकेची चूक, काहीतरी. माझ्या जागी तुम्ही स्वतः जाऊन उभे राहाल हे डोक्यातच आलं नाही. मामींचं बरोबर आहे.

आज सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं. सार्थक, सासूबाई, पप्पू भावजी. सासूबाई म्हणाल्या, पैसे दिलेस ना परत, मग आता कशाला उकरतीस? पप्पू भावजी उठून बाहेर गेले. सार्थक एवढंच म्हणाले, मी येऊ का संगं? मी नको म्हटलं. एकटीनंच यायला पाहिजे होतं.

शिरूरची गाडी न्हावऱ्यावरून येते. न्हावऱ्याला पाच मिनिटं थांबली होती. खिडकीतून तुमच्या गल्लीचं वळण दिसत होतं. उतरावंसं फार वाटलं, उतरले नाही. उतरले असते तर पुढं आलेच नसते.

घर सापडलं. दारापुढं जाळी लावून केलेली मेंढरांची जागा तशीच आहे, रिकामी, झाडून ठेवलेली. भामाबाईंनी मला ओळखलं नाही. मल्हारी मामांची भाची म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं, पण तरी आत बोलावलं, बसायला चटई टाकली आणि चहा ठेवला. म्हाळू पाळी संपवून नुकताच आला होता, कंपनीचा शर्ट अंगावरच होता.

मी सुरुवातीपासून सांगितलं. कुंकवाचं पत्र, साहेब, नातू, पप्पू भावजी, एकवीस हजार, भाजी निवडत बसलेली मी. काही गाळलं नाही. रडायचं नाही असं ठरवून आले होते, कारण रडले असते तर त्या दोघांनाच माझी समजूत घालावी लागली असती. म्हाळू खाली बघून ऐकत होता. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, “म्हंजी मामांनी इकलं न्हाई?”

नाही म्हटलं.

“त्यांना ठाव बी नव्हतं?”

म्हटलं, तुझ्यासमोर तोंडाला लावलं तोवर नव्हतं. मग त्यांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली.

त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. भामाबाईंनी चहाचा कप माझ्या पुढ्यात ठेवला. म्हाळूनं तो उचलला. “आये, हिला नगं,” म्हणाला आणि कप आत नेऊन ठेवला. भामाबाईंना काय करावं कळेना, घरी आलेल्या माणसाला तसं पाठवायची सवय नाही त्यांना. पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मी उठले. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही, आता खोटं नको. फार वाईट वाटलं. पण त्याच्या जागी मी असते तर मीही दिला नसता.

मी दारातच होते तेव्हा त्यानं माळ्यावरून सॅक्सोफोनची पेटी काढली. त्यावर धूळ होती, ती कंपनीच्या शर्टानं पुसली, गाडीला मागं बांधली आणि निघाला. आईला म्हणाला, न्हावऱ्याला चाललोय, आज येत न्हाई.

आज मंगळवार आहे मामा, पण तो येतोय.

उपाशीपोटी निघालाय, मामींना सांगा आधी त्याला जेवू घाला. मग तो माझ्याविषयी बोलेल, फार वाईट बोलेल. तुम्ही त्याच्या तोंडाकडं बघत बसाल आणि सगळं समजेल तुम्हाला. त्याला बोलू द्या. माझी बाजू घेऊन मध्ये पडू नका. एकदा पडलात, तेवढं पुरे झालं.

हर्षदा